हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब : एका एच४ गाडीचे प्रकरण

दुसऱ्या मालकाच्या ताब्यात आलेली एक छोटी हॅचबॅक. कारखान्यातून निघाली तेव्हा तिला साधे रिफ्लेक्टर हेडलाइट आणि एच४ हॅलोजन बल्ब होते. पहिल्या मालकाने केव्हातरी त्या जागी ‘प्लग अँड प्ले’ एलईडी बल्ब बसवले. नव्या मालकाला रात्री समोरची वाहने वारंवार अप्पर-डिपर मारतात. वार्षिक तपासणी जवळ आली आहे. त्याचा प्रश्न साधा आहे: हे बल्ब कायदेशीर आहेत का, आणि नसतील तर फोकस थोडा खाली करून भागेल का?

अशी गाडी गॅरेजांत आणि तपासणी केंद्रांवर नेहमी दिसते. येथे ते प्रकरण एकाच गाडीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडले आहे. उत्तर आधीच सांगायला हरकत नाही: फोकस खाली करून भागत नाही. मान्यता बल्बला एकट्याला मिळत नाही आणि हेडलाइटलाही एकट्याला मिळत नाही. ती त्या हेडलाइटमधल्या ठरावीक प्रकारच्या बल्बला, म्हणजे दोघांच्या जोडीला असते. हे एकदा लक्षात आले की पुढचे बहुतेक वाद आपोआप मिटतात.

गाडीवर काय सापडते

बॉनेट उघडून हेडलाइटच्या मागे पाहिले की बहुतेक गोष्टी पाच मिनिटांत कळतात. या गाडीत रबरी बूट (बल्बच्या मागचे धूळ अडवणारे झाकण) मधोमध कापलेला आहे, कारण एलईडी बल्बचा मागचा पंखा त्यात मावत नव्हता. कापलेल्या कडेतून धूळ आत गेली आहे आणि लेन्सच्या आतल्या बाजूला ओलाव्याचे डाग आहेत. बल्बची कॉलर तीन पाकळ्यांच्या खाचेत नीट बसलेली आहे, पण कॉलरमध्ये बल्बचे शरीर धरून ठेवणारा बारीक स्क्रू सैल झाल्यामुळे डावीकडचा बल्ब आपल्या अक्षाभोवती फिरलेला आहे. उजव्या बाजूला मूळ वायरिंगवर एक सोनेरी रंगाचा रेझिस्टर चिमट्याच्या टॅपने, म्हणजे वायर चिरून आत घुसणाऱ्या जोडाने, जोडलेला आहे आणि तो थेट प्लास्टिकच्या पट्टीला बांधला आहे.

त्या रेझिस्टरवर थोडे थांबणे गरजेचे आहे. हॅलोजन एच४ च्या लो बीमला १२ व्होल्टवर ५५ वॅट, म्हणजे सुमारे ४.६ अँपिअर लागतात. एलईडी बल्ब २०-२५ वॅटवर चालतो आणि जेमतेम दोन अँपिअर घेतो. बल्ब गेला की नाही हे करंटवरून ओळखणाऱ्या गाडीला मग बल्ब गेल्यासारखा वाटतो. ती डॅशबोर्डवर इशारा देते, किंवा तपासणीसाठी सोडलेल्या क्षणिक स्पंदांमुळे एलईडी लुकलुकतो. त्यावर उपाय म्हणून ६ ओमचा, ५० वॅटचा रेझिस्टर समांतर जोडतात. इंजिन चालू असताना १३.५ व्होल्टवर त्यातून सव्वादोन अँपिअर जातात आणि ३० वॅट उष्णता बाहेर पडते. ५० वॅट हे रेटिंग रेझिस्टर धातूच्या पत्र्यावर कसून बसवलेला असेल तेव्हाचे असते. प्लास्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला बांधलेला रेझिस्टर इन्सुलेशन वितळवतो. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हा रेझिस्टर त्याच दिवशी काढायला हवा.

रेडिओ लावून पाहावा. एलईडी चालू केल्यावर एफएमवर खरखर वाढत असेल, तर बल्बच्या ड्रायव्हर सर्किटमधून विद्युतचुंबकीय गोंगाट बाहेर पडतो आहे.

शिक्के वाचताना होणारी गफलत

विक्रेत्याने दिलेल्या पाकिटावर वर्तुळात ‘ई’ आणि शेजारी एक अंक असतो. मालक तो दाखवून विचारतो की हे ई-मार्क नाही का. आहे, पण कशासाठी आहे ते त्याच्या शेजारच्या अक्षरांवरून कळते. ‘ई’नंतरचा अंक फक्त मान्यता देणारा देश सांगतो: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. त्यापुढे ‘१०आर’ असे असेल तर ती संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक १० खालची मान्यता असते, आणि ती नियमावली केवळ विद्युतचुंबकीय सुसंगततेची आहे. म्हणजे बल्ब इतर इलेक्ट्रॉनिक यंत्रणांना त्रास देत नाही, एवढाच त्याचा दाखला. प्रकाश कुठे पडतो, किती पडतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो का, याची त्यात तपासणीच नाही. हॅलोजन बल्बची मान्यता नियमावली ३७ खाली येते. ती फिलामेंट असलेल्या प्रकाशस्रोतांचीच नियमावली आहे. बाजारातल्या बहुतेक एलईडी बल्बांवर ‘१०आर’ दिसते आणि विक्रेता त्यालाच ‘रोड लीगल’ म्हणतो.

‘सीई’ हे चिन्ह युरोपातल्या वस्तूंच्या सर्वसाधारण नियमांचे असते, वाहनाच्या दिव्याची मान्यता नव्हे. ‘डॉट’ हे अमेरिकी चिन्ह तर निर्माता स्वतःच उमटवतो. तिथे सरकार आधी तपासून मान्यता देत नाही, त्यामुळे बल्बच्या पाकिटावरच्या ‘डॉट’ला पुरावा म्हणून काही वजन नाही.

खरी माहिती हेडलाइटच्या काचेवर किंवा कवचावर असते. या गाडीच्या हेडलाइटवर ‘एचसीआर’ लिहिले आहे. ‘एच’ म्हणजे हॅलोजन, ‘सी’ लो बीम, ‘आर’ हाय बीम. शेजारी ‘पीएल’ आहे, म्हणजे लेन्स प्लास्टिकची. गॅस डिस्चार्ज दिवा असता तर ‘एच’च्या जागी ‘डी’ असता. बाण पाहायचा. समोर उभे राहून दिव्याकडे पाहताना उजवीकडे जाणारा बाण डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा असतो. बाण नसेल तर दिवा उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा, आणि दोन्ही टोकांचा बाण असेल तर तो दोन्हींसाठी जुळवता येणारा. जुन्या गाडीला बाहेरून मागवलेला दिवा लावलेला असेल तर हीच खूण फसवणूक उघडी पाडते. थोडक्यात, या दिव्याने स्वतःच्या अंगावर लिहून ठेवले आहे की त्याला हॅलोजन बल्बसह तपासले गेले. त्यात एलईडी घातला की ती मान्यता त्या दिव्याला लागू राहत नाही.

एच४ च्या आत काय बिघडते

एच४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. हाय बीमचे फिलामेंट रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर असते आणि लो बीमचे त्याच्या पुढे. लो बीमच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. पुढे सरकलेल्या फिलामेंटचा जो प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावर पडतो तो खाली, रस्त्याकडे जातो. खालच्या अर्ध्यावर पडला असता तर तो वर गेला असता, म्हणून वाटी तो अडवते. वाटीची एक कड १५ अंशांनी खाली उतरवलेली असते, त्यामुळे रस्त्याच्या आपल्या बाजूला प्रकाशाची कड (उजेड आणि अंधार यांची सीमारेषा) वर चढते आणि पादचारी व फलक दिसतात. भिंतीवर दिसणारी आडवी कड आणि तिचा चढ या दोन्ही गोष्टी त्या वाटीच्या आणि फिलामेंटच्या जागेवर ठरतात. फिलामेंट सुमारे ५ मिलिमीटर लांब आणि अतिशय बारीक असते. नियमावली ३७ त्याची जागा मिलिमीटरच्या दशांशांत बांधून देते.

एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी एका पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप बसवलेल्या असतात. पट्टीला आणि तिच्या आतल्या तांब्याला जाडी असते, म्हणून दोन्ही चिप अक्षापासून थोड्या बाहेर सरकतात. फिलामेंट जवळपास सगळीकडे सारखा प्रकाश टाकते, तर चिप समोरच्या दिशेने जास्त आणि कडेला कमी टाकते. पट्टीच्या रेषेत, म्हणजे वर आणि खाली, अंधारे पट्टे राहतात. रिफ्लेक्टरच्या ज्या भागातून दूरचा प्रखर ठिपका तयार व्हायचा त्याला पुरेसा प्रकाश मिळत नाही, आणि जवळच्या रस्त्यावर मात्र प्रकाश ओतला जातो. चिप अक्षाबाहेर असल्यामुळे वाटीची कड तिच्या प्रकाशाला फिलामेंटच्या कोनात कापू शकत नाही. काही प्रकाश रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्यावर पोहोचतो आणि तिथून सरळ वर उडतो. समोरचा चालक डिपर मारतो तो या प्रकाशामुळे.

या बल्बांचे समर्थन करणारा चालक खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच जास्त दिसल्यासारखे वाटते, कारण गाडीपुढचा जवळचा पट्टा चकाकत असतो. पण जवळ जास्त उजेड असला की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि लांबची, कमी उजेडातली वस्तू आणखी अंधुक होते. वेगात असताना ज्या अंतरावर दिसणे आवश्यक आहे तिथेच नुकसान होते. त्यात भर म्हणजे ६००० ते ६५०० केल्व्हिनचा निळसर प्रकाश. हॅलोजन ३२०० केल्व्हिनच्या आसपास असतो. निळ्याकडे झुकलेला प्रकाश तेवढ्याच तीव्रतेला डोळ्यांना अधिक बोचतो.

डावीकडचा बल्ब फिरलेला असल्यामुळे अडचण दुप्पट झाली आहे. चिप घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला, म्हणजे बरोबर डावी-उजवीकडे असायला हव्यात. बल्ब पंधरा-वीस अंश फिरला की एका बाजूची कड चढते आणि दुसरीकडची ढासळते. बल्ब सरळ केल्यावर चित्र सुधारते, पण हॅलोजनसारखे होत नाही.

पाकिटावरचा लुमेनचा आकडा वाचण्यात वेळ घालवू नये. तो बहुधा चिपची थंड अवस्थेतली बेरीज असतो. नियमावली ३७ एच४ ला १३.२ व्होल्टवर लो बीमसाठी १००० आणि हाय बीमसाठी १६५० लुमेन देते, दोन्हींत १५ टक्के कमी-जास्त चालते. ही वरची मर्यादाही आहे, कारण जास्त लुमेन म्हणजे वर उडणारा प्रकाशही जास्त. याशिवाय दिवे गाडीवर कसे बसवावेत हे सांगणाऱ्या नियमावली ४८ ची एक जुनी तरतूद अशी की लो बीमचा स्रोत २००० लुमेनच्या वर असेल तर लेन्स धुण्याची आणि आपोआप पातळी राखण्याची यंत्रणा हवी. या हॅचबॅकमध्ये दोन्ही नाहीत. म्हणजे पाकिटावरचे ‘प्रत्येकी ५००० लुमेन’ खरे मानले, तर त्यामुळे बल्बची बाजू आणखीच लंगडी पडते.

भिंतीपुढची चाचणी

तपासणी केंद्रात बीम सेटर, म्हणजे झोत मोजणारे यंत्र, असतो. तो नसेल तर सपाट जमीन, भिंत, मोजपट्टी आणि लक्स मीटर यांवर प्राथमिक निदान होते. टायरमधली हवा योग्य, चालकाच्या जागी एक माणूस, डॅशबोर्डवरचा लेव्हलर (झोत वर-खाली करणारी चकती) शून्यावर. हेडलाइट भिंतीपासून १० मीटरवर ठेवायचे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर आडवी रेघ मारायची. गाडीच्या हेडलाइटजवळ बहुधा उताराचा टक्का छापलेला असतो, साधारण १ ते १.५. एक टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर. लो बीमची कड रेघेच्या तेवढी खाली यायला हवी.

एलईडी लगेच पाहू नयेत, इंजिन चालू ठेवून ते किमान ३० मिनिटे लावून ठेवावेत आणि मग पाहावेत. हॅलोजनचा प्रकाश स्थिर असतो. एलईडी तापला की त्याचे सर्किट करंट कमी करते आणि प्रकाश घटतो. बंद रबरी बुटात कोंडलेल्या पंख्याचा बल्ब सर्वांत जास्त घटतो.

मग एक दिवा पुठ्ठ्याने झाकायचा आणि दुसरा मोजायचा. कड बरोबर १० सेंटिमीटर खाली जुळवल्यावर, दिव्याच्या मध्याच्या १० सेंटिमीटर वर आणि समोरून वाहने येतात त्या बाजूला ६० सेंटिमीटर अंतरावर लक्स मीटर ठेवायचा. हा बिंदू मनाने ठरवलेला नाही. हॅलोजन हेडलाइटच्या नियमावली ११२ मध्ये ५० मीटरवरच्या समोरच्या चालकाच्या डोळ्याची जी दिशा धरली आहे, ०.५७ अंश वर आणि ३.४३ अंश बाजूला, तिचे १० मीटरवरचे हे स्थान आहे. नियमावलीच्या ०१ मालिकेत त्या दिशेला कमाल ३५० कँडेला चालतात, म्हणजे १० मीटरवर ३.५ लक्स. आधीच्या आवृत्तीत २५ मीटरवर ०.४ लक्सची मर्यादा होती, तिचे १० मीटरवर २.५ लक्स होतात. दिवा बंद असतानाचा आसपासचा उजेड वजा करायला विसरू नये. हे प्रयोगशाळेतले मोजमाप नव्हे, पण हॅलोजन लावून एकदा आणि एलईडी लावून एकदा घेतले तर फरक बोलका असतो.

आता मालकाचा दुसरा प्रश्न, फोकस खाली करण्याचा. स्क्रू फिरवला की पूर्ण झोत खाली जातो, पण वर उडणारा प्रकाश झोताचा भाग नाही, तो विखुरलेला आहे. समोरच्याच्या डोळ्यातला उजेड थोडा कमी व्हावा म्हणून कड तीन टक्के खाली नेली, तर ६५ सेंटिमीटर उंचीच्या दिव्याची कड २२ मीटरच्या आत रस्त्याला टेकते. समोरच्याला त्रास उरतोच आणि चालकही आंधळा होतो. शिवाय नियमावली ४८ नुसार ०.८ मीटरपेक्षा खाली बसवलेल्या दिव्याची कड २.५ टक्क्यांपेक्षा जास्त खाली जाऊ नये, ती मर्यादाही मोडते.

हीच गाडी चार कायद्यांपुढे

ब्रिटनच्या एमओटी या वार्षिक वाहन तपासणीत निकाल सर्वांत स्पष्ट आहे. १ एप्रिल १९८६ रोजी किंवा त्यानंतर प्रथम वापरात आलेल्या गाडीचा हॅलोजन हेडलाइट एचआयडी (गॅस डिस्चार्ज) किंवा एलईडी बल्बसाठी बदललेला आढळला तर तपासनिसाने तो दिवा नापास करायचा. फोकस बरोबर असला तरीही. भिंतीवरच्या चित्राला तिथे दुय्यम जागा आहे, बदल झालेला असणे पुरेसे आहे.

जर्मनीत प्रकरण अधिक शिकवणारे आहे, कारण तिथे एक वाट उघडली. वाहन नोंदणी नियमांच्या कलम २२अ नुसार दिव्यांचे भाग मान्यताप्राप्त असावे लागतात. नसतील तर कलम १९ नुसार गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपुष्टात येऊ शकतो. २०२० मध्ये फ्लेन्सबर्गच्या केबीए या संघराज्य वाहन कार्यालयाने ऑसरामच्या नाइट ब्रेकर एलईडी एच७ बल्बला मान्यता दिली, नंतर फिलिप्सच्या अल्टिनॉन प्रो६००० लाही. पण ही मान्यता सरसकट नाही. प्रत्येक बल्बासोबत गाड्यांची यादी आहे, आणि त्या गाडीवरच्या हेडलाइटचा मान्यता क्रमांकही यादीशी जुळावा लागतो. एकाच मॉडेलमध्ये दोन पुरवठादारांचे हेडलाइट असतील तर एक यादीत आणि दुसरा बाहेर असू शकतो. कागद गाडीत ठेवायचा. आणि जर्मनीच्या सीमेबाहेर ही मान्यता आपोआप चालत नाही, दुसऱ्या देशाने ती मानायला हवी. मान्यता जोडीला असते या मुद्द्याचे याहून चांगले उदाहरण नाही.

अमेरिकेत संघराज्य मानक १०८ हेडलाइटचा बल्ब कोणत्या ठरवून दिलेल्या प्रकारचा असावा हे सांगते. फिलामेंटच्या प्रकारासाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब त्यात बसत नाही. तिथला बारकावा जबाबदारीचा आहे. संघराज्य कायद्याचे कलम ३०१२२ निर्माता, वितरक आणि दुरुस्ती करणारा व्यावसायिक यांना मानकानुसार बसवलेला भाग जाणूनबुजून निकामी करण्यास मनाई करते. मालकाने स्वतः केलेला बदल त्या कलमात येत नाही, पण रस्त्यावर गाडी चालवताना राज्याचे नियम लागतात. पैसे घेऊन हे बल्ब बसवणारे गॅरेज म्हणूनच मालकाहून आधी अडचणीत येते.

भारतात मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीचे तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांपासून बदलता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२अ मधले चौथे उपकलम परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद करते. हेडलाइट, बल्ब आणि बसवणूक यांसाठी अनुक्रमे एआयएस-०१०, एआयएस-०३४ आणि एआयएस-००८ ही मानके आहेत. त्याखेरीज केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ अगदी मोजण्याजोगा आहे: दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून ०.५ मीटर उजवीकडे आणि १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोत दिपवता कामा नये. ६५ सेंटिमीटर उंचीच्या दिव्यापासून त्या डोळ्याची दिशा सुमारे ६ अंश वर जाते. हॅलोजन लो बीममध्ये तिथे फारसा प्रकाश नसतो, पण वाटीतून निसटलेला एलईडीचा प्रकाश नेमका तिथून जातो.

चारही ठिकाणी या हॅचबॅकचे उत्तर एकच येते, फक्त कोणाला पकडले जाते आणि कशावरून, ते बदलते. विम्याबाबतही एवढे धरून चालावे की न कळवलेला बदल अपघातानंतर वादाचे निमित्त होतो.

एक आक्षेप नेहमी येतो: प्रोजेक्टर हेडलाइट असता तर? प्रोजेक्टरमध्ये कड आतल्या पडद्याने कापली जाते, म्हणून भिंतीवर एलईडीचीही कड सुबक दिसते आणि चमक कमी वाटते. तरी दूरचा ठिपका मंदावतो, आणि मान्यतेचा प्रश्न जसाच्या तसा राहतो.

गाडी मूळ स्थितीत आणणे

लागणारे सामान: नियमावली ३७ चे ई-मार्क असलेले एच४ ६०/५५ वॅटचे दोन बल्ब, दोन नवे रबरी बूट, बल्बच्या मागचा प्लग काळवंडला असेल त्या बाजूला सिरॅमिकचा प्लग (कपलर), क्रिम्प जोड आणि हीट श्रिंक नळी. १००/९० वॅटचे बल्ब घेऊ नयेत. तेही अमान्य आहेत, आणि कपलर, वायर व रिफ्लेक्टर यांची उष्णता वाढवतात.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. रेझिस्टर आणि डॅशबोर्डवरचा इशारा दाबण्यासाठी लावलेला एरर कॅन्सलर असेल तर तोही उतरवा. चिमट्याच्या टॅपने चिरलेली वायर तेवढी कापून क्रिम्प जोड व हीट श्रिंकने दुरुस्त करा, नुसती टेप गुंडाळून सोडू नका. एलईडीसोबत त्याची कॉलरही काढा. ती विसरली तर हॅलोजनची स्प्रिंग क्लिप नीट बसत नाही. ओलाव्याचे डाग असलेला हेडलाइट बल्ब घालण्याआधी उघडाच ठेवून वाळवावा. रिफ्लेक्टरची चकाकी उडाली असेल, सोलली असेल, तर नवा बल्ब घालून काही मिळणार नाही, हेडलाइटच बदलावा.

एच४ ला तीन पाकळ्या असतात, रुंद पाकळी वर. काचेला बोट लावू नका. त्वचेचे तेल गरम काचेवर डाग पाडते आणि बल्ब लवकर जातो. लागलेच तर स्पिरिटने पुसा. क्लिप लागल्याचा आवाज ऐका, बल्ब हलवून पाहा, बूट चारही बाजूंनी दाबा. नंतर वर सांगितल्याप्रमाणे भिंतीपुढे फोकस जुळवा. एलईडीच्या काळात कोणीतरी स्क्रू फिरवलेले असतातच, त्यामुळे नुसता बल्ब बदलून गाडी तपासणीला नेली तर ती आता कमी प्रकाशामुळे किंवा चुकलेल्या फोकसमुळे नापास होते.

पहिल्या मालकाची तक्रार खरी होती

बल्ब मंद आहेत म्हणूनच त्याने एलईडी घातले. ते कारण शोधल्याशिवाय गाडी परत दिली तर नवा मालकही सहा महिन्यांत त्याच दुकानात जाईल. पहिली शंका वायरिंगवर घ्यावी. इंजिन चालू, लो बीम चालू, मल्टिमीटर डीसीवर. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरे बल्बच्या कपलरमधल्या लो बीमच्या पॉझिटिव्हला: जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत मेले. तसेच बॅटरीची निगेटिव्ह आणि बल्बचे अर्थ (निगेटिव्ह) टोक यांच्यामध्ये. दोन्हींची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर काम आहे. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे दोन्ही बाजू मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताने बदलतो. १३.२ व्होल्टवर १००० लुमेन देणारा एच४ लो बीम १२ व्होल्टवर ७२० च्या आसपास येतो. सव्वा व्होल्टची गळती म्हणजे पावाहून जास्त उजेड गेला. जुन्या गाडीत ही गळती बहुधा गंजलेला अर्थ, सैल कपलर किंवा सगळा करंट वाहणारा कॉम्बिनेशन स्विच यांत सापडते. आधी अर्थचा बोल्ट घासून घट्ट करा. एवढ्यावर भागले नाही तर रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच): बॅटरीतून २० अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिलिमीटरची वायर, रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला. ८७ मधून दोन्ही दिव्यांकडे. मूळ स्विचची वायर ८६ ला आणि ८५ अर्थला. लो आणि हायला वेगळा रिले. अर्थच्या बाजूने स्विच होणाऱ्या गाडीत कॉइलची जोडणी उलट येते. फ्यूज बॅटरीजवळ असावा, रिलेजवळ नव्हे. या कामाने दिव्याची मान्यता बदलत नाही, कारण बल्ब तोच राहतो आणि त्याला हवे ते व्होल्ट मिळतात.

दुसरे कारण पिवळी पडलेली प्लास्टिकची लेन्स. सँडपेपरने घासून पॉलिश केली तर उजळते, पण अतिनील किरणांपासून वाचवणारा थर गेलेला असतो. तो पुन्हा दिला नाही तर पिवळेपणा लवकर परततो.

मालकाला तरीही एलईडीच हवा असेल तर कायदेशीर वाट एकच: त्या मॉडेलसाठी मान्य असलेला संपूर्ण एलईडी हेडलाइट, लेव्हलर आणि वायरिंगसह, वाहतुकीच्या बाजूचा बाण जुळवून, आणि जिथे लागते तिथे नोंदणी कार्यालयाची परवानगी घेऊन.

गाडीत पहिल्या मालकाने पार्किंगचे डब्ल्यू५डब्ल्यू आणि मागचे, ब्रेक व इंडिकेटरचे पी२१डब्ल्यू बल्बही बदललेले होते. त्यांनाही तोच नियम लागतो. इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकतो तो करंट कमी झाल्यामुळे. लाल काचेमागे पांढरा एलईडी असेल तर ब्रेकलाइट गुलाबीसर आणि मंद दिसते, कारण पांढऱ्या एलईडीत लाल भाग थोडा असतो आणि लाल काच उरलेला प्रकाश गिळते. मागच्या गाडीला ब्रेक कळायला हवा, म्हणून ब्रेकलाइटचे बल्ब हेडलाइटच्या आधी बदलावेत.